कोल्हापूर संस्थानातील शिकार व शिकवलेले प्राणी

कोल्हापूर संस्थानातील शिकार ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत कोल्हापूर व आसपासच्या मराठी-कानडी मुलखात चालत आलेली राजेशाही आणि लोकजीवनातील प्रथा होती. राजघराण्याच्या बाजूने तो पराक्रमाचा, करमणुकीचा आणि पाहुणचाराचा भाग होता. फासेपारध्यांसारख्या समाजांसाठी मात्र ते रोजच्या अन्नाचे साधन होते. या दोन्ही शिकारींत माणसाबरोबर शिकवलेला प्राणी असे. माळावर काळविटामागे सुटणारा चित्ता, सशामागे धावणारा कारवान कुत्रा, तित्तिरांना साद घालणारा पिंजऱ्यातील पाळीव तित्तिर आणि पारध्याला आडोसा देत चरत पुढे सरकणारी गाय हे त्यांतील प्रमुख होत. युरोपात बंदुकीने पाडलेला पक्षी उचलून आणण्यासाठी घडवलेला लॅब्राडोर रिट्रीव्हर हा कुत्रा या प्रदेशात फार उशिरा आला आणि शिकारीत त्याला येथे फारसे स्थान मिळाले नाही.

मुलूख आणि सावज

कोल्हापूरच्या शिकारीचे स्वरूप पावसाने ठरवले आहे. जिल्ह्याच्या पश्चिम कडेला गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. अवघ्या सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या शिरोळ भागात तो सुमारे ५०० मिलिमीटरवर येतो. त्यामुळे एकाच संस्थानात दाट सदाहरित रान आणि उघडा माळ असे दोन वेगळे मुलूख होते. पश्चिमेच्या रानात गवा, सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या आणि वाघ, तर पूर्वेच्या माळावर काळवीट, ससा, खोकड आणि लांडगा असे सावज असे. डोळ्यांनी सावज हेरून धावणारा प्राणी दाट रानात निरुपयोगी ठरतो आणि उघड्या माळावर हाकारे लावून रान उठवण्यात अर्थ नसतो. चित्ता व कारवान कुत्रा पूर्वेकडे आणि हाका व मचाण पश्चिमेकडे, ही विभागणी यातूनच आली.

पक्ष्यांचेही तसेच आहे. इंग्रजी शिकारकथांतून परिचित असलेला लांब शेपटीचा फेझंट हा पक्षी कोल्हापुरात नाही. भारतातील मोनाल, कालिज, चीर हे फेझंट हिमालयात आढळतात. त्याच कुळातील दुसरे पक्षी मात्र येथे भरपूर आहेत. घाटातील राखी रानकोंबडा, झुडपी रानातील चकोत्री, सर्वत्र आढळणारा मोर, माळावरचे तित्तिर आणि लावे हे सर्व फेझंटचेच आप्त होत. राखी रानकोंबड्याच्या मानेवरची ठिपकेदार, मेणासारखी चकाकणारी पिसे युरोपात मासे पकडण्याच्या गळावरील नकली माशी बनवण्यासाठी वापरली जात. त्यामुळे हा पक्षी मांसाइतकाच पिसांसाठीही मारला गेला. हिवाळ्यात तळी आणि भातखाचरांवर बदके व पाणलावे उतरत. बंदूक बाळगणाऱ्या अधिकाऱ्यांची पक्ष्यांची शिकार मुख्यतः अशा पाणथळ जागी होत असे.

पूर्वपरंपरा

शिकारीसाठी प्राणी शिकवण्याची कला दख्खनला नवी नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या इ. स. ११३० च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांची, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांची, सविस्तर वर्णने आहेत. ससाण्याकडून पक्षी धरवण्यासाठी श्येनविनोद आणि कुत्र्यांसाठी सारमेयविनोद अशी स्वतंत्र प्रकरणे त्यात येतात. कोल्हापूरचे शिलाहार हे याच चालुक्यांचे मांडलिक होते. पुढे मराठेशाहीत शिकारी जनावरे सांभाळणाऱ्या खात्याला 'शिकारखाना' हे नाव रूढ झाले. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता.

चित्त्याची शिकार

राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांना शिकारीची मोठी आवड होती. त्यांच्या कारकिर्दीत आणि त्यानंतर राजाराम महाराजांच्या काळात (१९२२–१९४०) कोल्हापूर हे चित्ते बाळगणारे भारतातील एक ठळक संस्थान होते. 'चित्त्याची शिकार' या शब्दप्रयोगाने आजचा वाचक गोंधळण्याचा संभव आहे. येथे चित्ता हे सावज नसून शिकारी आहे. सावज म्हणजे काळवीट.

या पद्धतीतील सर्वांत विलक्षण बाब अशी की चित्ता लहानपणापासून पाळून चालत नसे. धावत्या काळविटाला पायात पंजा घालून पाडणे आणि लगेच नरडे धरणे ही विद्या पिल्लू आपल्या आईकडून शिकते. माणसाला ती शिकवता येत नाही. म्हणून रानात शिकार शिकून तयार झालेला प्रौढ चित्ता पकडला जाई. चित्ते ठराविक झाडांपाशी वारंवार येऊन आपली खूण ठेवतात हे पारध्यांना ठाऊक होते. त्या झाडांभोवती फास मांडून ते चित्ता जिवंत धरत. यात प्रवीण असलेल्यांना 'चित्तापारधी' असे म्हटले जाई.

पकडलेल्या चित्त्याचे शिक्षण म्हणजे त्याला माणसाची सवय लावणे. सुरुवातीला त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवत, त्याला दोऱ्यांनी खाटेला बांधत आणि रात्रंदिवस जागे ठेवत. बायकामुलांचा गलबला कानांवर पडावा म्हणून त्याला मुद्दाम वर्दळीच्या जागी ठेवले जाई. मांस मिळे ते फक्त त्याच्या राखणदाराच्या, म्हणजे चित्तेवानाच्या, हातून. काही महिन्यांत चित्ता इतका निवळे की चित्तेवान त्याला दोरीला धरून बाजारातून फिरवी. चित्त्याला मारून धाक घालता येत नाही, तो बिथरतो. त्यामुळे हे सारे काम संयमाचे होते आणि ते बहुधा पिढीजात चाले.

शिकारीच्या दिवशी टोपी घातलेला चित्ता बैलगाडीवर बसवून माळावर नेत. काळविटांना शेतकऱ्यांच्या गाड्यांची सवय असल्याने बैलगाडी त्यांच्या बरीच जवळ जाऊ शके. घोडा किंवा पायी माणूस दिसला असता तर कळप केव्हाच उधळला असता. कळप टप्प्यात आला की टोपी काढून चित्त्याचे तोंड सावजाकडे वळवत आणि दोरी सोडत. त्यानंतरचा सारा खेळ एखाद्या मिनिटात संपे. चित्त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या घरात जातो, पण तो काही शे मीटरच टिकतो. तेवढ्यात काळवीट हाती लागले नाही तर चित्ता थांबे आणि बसून राही. त्याला लगेच दुसऱ्यांदा सोडण्यात काही हशील नसे.

सावज पडल्यावरची घटका चित्तेवानाची असे. चित्त्याने काळविटाचे नरडे धरलेले असताना धावत पोहोचून तो काळविटाचा गळा चिरी, लाकडी पळीत रक्त घेऊन चित्त्याच्या तोंडापाशी धरी आणि चित्ता ते चाटू लागताच त्याच्यावर पुन्हा टोपी चढवी. पकडलेले सावज सोडायला लावणे ही या विद्येतील सर्वांत अवघड पायरी होती. सुटलेला चित्ता धावतो तो स्वभावानेच, त्यात माणसाचे शिकवणे थोडे. त्याला परत गाडीवर आणणे ही चित्तेवानाची खरी कसोटी.

बंदिवासात चित्त्यांची वीण जवळपास होत नसे. मोगल दरबारात हजारो चित्ते बाळगले गेले, पण पिल्ले झाल्याचा प्रसंग बादशाह जहांगीरने नवल म्हणून नोंदवून ठेवला आहे. आधुनिक प्राणिसंग्रहालयात चित्त्याची पहिली पिल्ले १९५६ साली फिलाडेल्फियात जन्मली. याचा अर्थ असा की दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून उचललेला होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतीय रानांत चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. म्हणजे दोन महायुद्धांच्या दरम्यान कोल्हापूरच्या माळावर धावणारे चित्ते बहुतांशी परदेशी होते. १९४७ साली सरगुजा भागातील कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले. भारतातील रानटी चित्त्यांची ती शेवटची निःसंदिग्ध नोंद मानली जाते. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

कारवान कुत्रा

दरबारी चित्ता थोड्यांच्या वाट्याला येई. गावकऱ्याचा शिकारी साथी म्हणजे कारवान किंवा 'कारवानी' कुत्रा. उंच, सडपातळ, खोल छातीचा, पोट आत ओढलेला, लांब निमुळत्या तोंडाचा हा कुत्रा कोल्हापूर, सांगली, सोलापूर, विजापूर आणि बागलकोट या पट्ट्यात आढळतो. त्याची खांद्यापाशी उंची साधारण ६५ ते ७२ सेंटिमीटर असते. कान व शेपटीवर रेशमी केस असलेल्या प्रकाराला 'पश्मी' म्हणतात. व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिम व मध्य आशियातून आलेल्या कुत्र्यांपासून तो निपजला असावा, असे त्याच्या नावावरून आणि सालुकी जातीशी असलेल्या साम्यावरून मानले जाते.

कोल्हापूरच्या पूर्वेला असलेल्या मुधोळ या घोरपडे घराण्याच्या मराठा संस्थानात या कुत्र्याची जोपासना झाली, म्हणून 'मुधोळ हाउंड' हे त्याचे दुसरे नाव. मुधोळच्या राजांनी या जातीची पिल्ले इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिल्याची हकिकत सर्वत्र सांगितली जाते. नावाचा घोळ अद्याप मिटलेला नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद 'कॅरव्हान हाउंड' म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणून. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळ हाउंडचा समावेश होता.

कारवान हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. ससा उठलेला दिसताच तो सुटतो आणि मालकाच्या हुकुमाची वाट पाहत नाही. माळावर बहुधा दोन कुत्री जोडीने सोडत. एक सरळ मागे लागे आणि दुसरे सशाच्या वळणावर आडवे येई. ससा धरल्यावर तो शाबूत हाती येईल याची खात्री नसे. या कुत्र्याला कान भरून शिकवणे कठीण. तो स्वतंत्र वृत्तीचा, अनोळखी माणसाला अंगाला हात लावू न देणारा असतो. पाश्चात्त्य कसोट्यांवर त्याला हट्टी ठरवले जाते, पण क्षणात दिसून क्षणात नाहीशा होणाऱ्या सावजामागे धावणाऱ्या कुत्र्याने शिट्टीची वाट पाहिली असती तर घरी काहीच आले नसते.

लॅब्राडोरची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांच्या पाणकुत्र्यांपासून एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील उमरावांनी ही जात घडवली. १९०३ साली तेथील केनेल क्लबने तिला मान्यता दिली. तिचे काम बंदूक वाजल्यानंतर सुरू होते. पक्षी उडत असताना आणि बार होत असताना कुत्र्याने जागचे हलायचे नाही, पक्षी कोठे पडला ते लक्षात ठेवायचे, हुकूम मिळताच झुडपातून किंवा पाण्यातून तो शोधायचा आणि दात न रुतवता मालकाच्या हातात द्यायचा. या शेवटच्या गुणाला शिकारी 'मऊ तोंड' म्हणतात. पडलेला पक्षी शोधताना हा कुत्रा मुख्यतः नाक वापरतो. इंग्लंडच्या ओलसर गवतात वास टिकून राहतो. दख्खनच्या तापल्या माळावर सकाळ संपताच वास विरतो, दाट दुहेरी केसांचा कुत्रा उन्हाने लवकर धापा टाकतो आणि बाभळीचे काटे पंजात रुततात. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी भारतात स्पॅनियल व रिट्रीव्हर आणले खरे, पण उन्हाळा आणि गोचिडांमुळे होणारे रोग यांपुढे त्यांतील अनेक टिकले नाहीत. पाडलेले पक्षी गोळा करण्याचे काम येथे बहुधा गावातील पोरेच करत.

फासेपारध्यांची पक्ष्यांची शिकार

बंदुकीवाचून पक्षी धरण्यात फासेपारध्यांचा हात कोणी धरू शकत नसे. त्यांचे नावच फासावरून पडले आहे. घोड्याच्या शेपटीचे केस किंवा जनावराचे स्नायू वळून केलेले बारीक फास एका लांब दोरीवर ओळीने गुंफून ते तित्तिरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मांडले जात. तित्तिर हा घाईने उडणारा पक्षी नव्हे. धोका वाटला तर तो प्रथम गवतातून पळत सुटतो. फासाची योजना त्याच्या या सवयीवर बेतलेली आहे.

यातील शिकवलेला प्राणी म्हणजे खुद्द तित्तिर. पिल्लापासून वाढवलेला नर पिंजऱ्यात घालून पारधी पहाटे माळावर नेई आणि भोवती फास पेरून दूर बसे. पाळीव नर साद घालू लागला की त्या टापूतला रानटी नर आपल्या हद्दीत कोण शिरला हे पाहायला चवताळून येई आणि फासात अडके. अशा तित्तिराचे मोल त्याच्या आवाजावर ठरे. भीतीने मुका होणारा पक्षी कामाचा नसे. त्याला माणसांच्या, कुत्र्यांच्या आणि उघड्या माळाच्या सान्निध्यात निर्धास्त ओरडता आले पाहिजे, म्हणून त्याचा पिंजरा सतत माणसांत ठेवला जाई. चित्त्याला गलबल्यात ठेवण्यामागची आणि तित्तिराला माणसांत ठेवण्यामागची युक्ती एकच आहे.

गाय किंवा बैल आडोशाला वापरणाऱ्यांना 'गायपारधी' म्हटले जाई. शिकवलेले जनावर चरल्यासारखे करत हळूहळू सावजाकडे सरके आणि पारधी त्याच्या बाजूला वाकून चाले. पक्षी किंवा काळवीट गुराला बुजत नाही. गाय मध्येच खरोखर चरायला थांबली किंवा हंबरली तर डाव फसे. त्यामुळे कासऱ्याच्या हलक्या ओढीवर पाऊल टाकणारे जनावर तयार करायला बरीच मेहनत लागे. बैलगाडीवरच्या चित्त्याच्या शिकारीत जी शक्कल आहे, तीच येथे एका गायीवर भागवलेली दिसते.

ब्रिटिश अमलात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी समाजावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. गावोगाव फिरणे ही त्यांच्या शिकारीची अट होती आणि नेमके फिरणेच संशयास्पद ठरले. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात अशा जमातींवरील सक्तीची हजेरी बंद केली, फासेपारध्यांना वस्तीसाठी आसरा दिला आणि राजवाड्याच्या पहाऱ्यावरही नेमले. शिकारीच्या निमित्ताने रानात त्यांची गाठ पडणे आणि त्यांचे माग काढण्याचे कौशल्य जवळून पाहणे याचा या निर्णयाशी संबंध असावा, असे मानायला जागा आहे.

घाटातील हाका आणि दाजीपूर

पश्चिमेच्या रानात शिकार हाक्याने होई. गावोगावचे हाकारे ढोल व डबे वाजवत रान उठवत आणि सावज मचाणाकडे रेटत. दाजीपूर-राधानगरीचा डोंगर दरबारच्या शिकारीसाठी राखीव होता. सामान्य रयतेला तेथे शिकार वर्ज्य असे. भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे काम शाहू महाराजांनी याच परिसरात सुरू केले. राखीव रान असल्यामुळे कुऱ्हाड आणि बंदूक दोन्ही दूर राहिली आणि गव्यांचे कळप टिकले. १९५८ साली येथे गव्यांसाठी अभयारण्य घोषित झाले. पुढे १९८५ साली त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत त्याचा समावेश आहे.

माळाच्या वाट्याला असे संरक्षण आले नाही. पूर्वेकडील गवताळ जमीन पाटपाण्याखाली येऊन उसाची झाली आणि काळविटांचे कळप तेथून गेले. महाराष्ट्रात काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झाले ते दूर कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे.

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील शहाजी छत्रपती संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी, शिंगे, बंदुका व शिकारीची छायाचित्रे पाहायला मिळतात. प्राणी कोणी मारला हे अशा दालनांतून कळते. चित्ता कोणी शिकवला, माग कोणी काढला हे मात्र बहुधा कळत नाही.

कायदा आणि सद्यःस्थिती

मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशू व पक्षी संरक्षणाचा कायदा करून शिकारीवर परवान्याचे बंधन घातले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने ते देशव्यापी केले. तरीही काही लहान सावजांसाठी परवाना मिळण्याची तरतूद त्यात होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. कायद्यातील 'शिकार' या शब्दात मारण्याबरोबरच पकडणे, फास लावणे, हाकलून आणणे आणि आमिष दाखवणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे तित्तिरासाठी फास मांडणे किंवा सशामागे कारवान सोडणे हे आज गुन्हे आहेत. मोर आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने त्यांच्या शिकारीला किमान ३ व कमाल ७ वर्षांच्या कारावासाची शिक्षा आहे. शिकारीवर जगणाऱ्या पारधी कुटुंबांना या बंदीची झळ सर्वाधिक बसली. फिरतीवर जगलेल्या अनेकांकडे शेतीसाठी जमीन नव्हती.

शिकवलेल्या कुत्र्यांची कामे मात्र बदलली. लॅब्राडोर आता पोलिसांच्या श्वानपथकात स्फोटके व अमली पदार्थ हुंगतो. हुकूम होईपर्यंत स्वस्थ बसणे आणि सापडलेल्या वस्तूला इजा न करणे हे त्याचे शिकारीतले गुण तेथे नेमके उपयोगी पडतात. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. तेथून २०१६ साली सहा पिल्ले मेरठ येथील लष्कराच्या रिमाउंट व पशुवैद्यकीय दलाच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. २०२१ साली याच जातीची पिल्ले हवाई दलाच्या आग्रा तळाला देण्यात आली. धावपट्टीवर उतरणारे पक्षी विमानांना धडकू नयेत म्हणून त्यांना हुसकावून लावणे, हे काम तेथे या कुत्र्यांसाठी योजले होते.